दामिनीच्या मागं कोण उभं राहाते

नाही, उभ्या उभ्या कायले बोलून राहिला, बस ना. पलंगावर नको, पलंगावर मी पडून राहातो, तुले कसंतरी वाटन – खुर्चीवर बस. पुसली आहे, तुया वहिनीनं, मेघानं सकाळीच पुसली. अन मले जे होते ते कोनाले लागत नाही योगेंद्र, डाक्टरनं तसं लिहून देल्लं असतं तर दारावर टांगलं असतं मी. हं, तर आनंदाबाईनं तुले साडी न्यायले धाडलं. समजलं मले. मायी सख्खी बहीण, तुयी चुलत बहीण, अन तिच्या दामिनीचं आज लगन – पोरीच्या मागं मामा म्हणून उभं राहाणार तू, अन मामाची पिवळी साडी मातर मायी. बरं आहे. तू तब्येतीनं चांगला आहे. कोंढ्याहून वाकडी वाट करून आसगावले आला, इथून निघाला का सरळ मोहाडी, लगनाच्या मांडवात. तुले रस्त्यात थांबायचं काम नाही. मले विचार, भंडाऱ्यापर्यंतच्या कोणत्या पेट्रोल पंपाच्या संडासले कडी आहे अन कोणत्याच्या नाही. पंपवाले मले पाहून नळी उचलते, त्याईले वाटते गिऱ्हाईक आलं.

काय झालं म्हणजे? तुले माहीत नाही? गावाले तर माहीत आहे – कोणी म्हणते करणी, कोणी म्हणते दारू, मी तर आयुष्यात थेंब नाही चाखला. क्रोन म्हणते त्याले. आतडं आपल्या आपणच सुजते, चिरते, मंग आवळून बसते. नागपूरले कापलं, लहान आतडं जिथं मोठ्याले जुळते तिथला तुकडा. मले वाटलं, सडकं काढलं, आता सुटलो. तसं नसते. तोच तुकडा पित्त वरच्या वर शोषून घेत होता म्हणते, तो गेला, आता पित्त सरळ खाली उतरते अन सगळ्याचं पाणी करते. त्याच्यावर पुडी आहे, पाण्यात घोळून प्यायची, रेतीवानी लागते दाताले. पुडी चांगली आहे, खोटं कायले बोलू – पुडी घेतली, तेल-तूप टाळलं, तर मी धानाच्या बांधीवर जाऊन येतो, अर्धा दिवस माणसावानी राहातो. पण पवनीत भेटत नाही ते, अन दुसऱ्या गोळ्या तिच्यासंगं चालत नाही, एक घे, मंग थांब, मंग दुसरी घे. दिवसभर माणूस दवाईच्या रांगेत उभा. आता डाक्टर म्हणते, हे पित्तानं होऊन राहिलं का बिमारी परत आली ते दुर्बीण टाकून पाहा लागन. मी म्हटलं, भाचीचं लगन होऊ द्या, मंग टाका जे टाकायचं ते.

दामिनीच्या साक्षगंधात होता ना तू, पोरगी ठरली तवा? वाढून राहिला होता. मंग पाहिलंच असन. नाही पाहिलं म्हणतो? बरं, नाही पाहिलं. मले बसवलं कुठं, तर थेट भैय्याजीच्या बाजूले, पोराच्या बापाच्या – पोरीचा मामा, मानाचा पाट, व्याह्याले सोबत द्यायले. मी घरून ठरवूनच गेल्तो, वरण-भात खायचा अन गप बसायचं. पण व्याह्यानं सोता जिलबी उचलून तोंडाजवळ धरली तर काय म्हणशीन? आतडं नाही म्हणते, असं सांगशीन? खाल्ली. मंग वडे आले, मंग तर्रीची भाजी, 'मामाजी लाजून राहिले' म्हणत आग्रह करते सगळे, अन मी खातो. मूर्खावानी खातो. जिलबीपासूनच पोटात सुरू झालं होतं. उठायचं होतं, दुसऱ्या मुलखातला कोणीबी उठला असता. पण आपल्याले लहानपणापासून काय शिकवलं – पंगतीतून एक उठला का पंगत मोडते, अन व्याही उपाशी उठला तर पोरीले जनमभर ऐका लागते. म्हणून बसलो. दाताले दात लावून बसलो, दामिनीसाठी बसलो. अन मंग नाही निभावलं. पांढरा पायजमा होता. भैय्याजी पत्रावळ टाकून उठला, त्याच्या मागं अख्खी पंगत उठली. जे टाळाले बसलो होतो तेच झालं, अन वरून हे.

आनंदाबाईनं बादली आणून ठेवली अन तोंड फिरवलं. बोलली असती तर बरं होतं, शिव्या देल्ल्या असत्या तरी चाललं असतं – ते तोंड फिरवणं आहे ना, पोट फाडलं तवा एवढं नाही दुखलं मले. तवापासून फोन मेघाले करते. 'हेमराज जेवला काय' मेघाले विचारते, अन मी तिथंच बाजूले बसून असतो. आता तुले धाडलं, ते बी मेघालेच सांगून. चांगलं आहे. मले तसंही जायचं नव्हतं. लगनात काय आहे, गर्दी, धूळ, कानाजवळ तो डीजे – बिघडल्या तब्येतीच्या माणसाचं काम नाही ते.

कपडे? कपडे घरचेच आहे. इस्तरी मेघानं केली असन, तिले सवय आहे. … काय हसून राहिली वं मेघा? जा, चहा पाहा, उतू जाईन. – गेली? हं. आता ऐक, नवा सदरा आहे हा, लगनासाठीच शिवला, तुयापासून काय लपवायचं. परवापासून अन्न नाही घेतलं मी. कालपासून पाणी बी नाही. पोटात टाकलंच नाही तर येईन कुठून, असा मी विचार केला. मेघा डोक्स फोडून राहिली, डाक्टरनं बजावलं होतं म्हणते, पाणी बंद करशीन तर किडनीवर येईन. खरं आहे तिचं. पण डाक्टरले थोडीच मंगलाष्टकं होयपर्यंत उभं राहाचं आहे. मेघानं मोबाईलवर लावली होती ती, अन मी या खांबाच्या मागं उभा राहून पाहिलं, खांब म्हणजे दामिनी. कधी निभावलं, कधी नाही. अन गंमत सांगू – न खाल्ल्यानं थांबायले पायजे होतं. पित्ताचंच असतं तर कमी झालं असतं. नाही झालं. म्हणजे – जाऊ दे, म्हणजे काय ते मले समजलं आहे, मेघाले नाही सांगतलं. तू बी सांगू नको.

ही पोरगी याच घरात जन्मली, तिची माय बाळंतपणाले आल्ती. भर पावसात सुईणीले मीच आणलं. काल फोन आल्ता तिचा. 'मामाजी, तुमी याल ना?' मी म्हटलं, पाहू. काय गरज होती 'पाहू' म्हणायची? हो म्हणाले तोंड दुखते काय माणसाचं. मंग तिनं फोन ठेवून देल्ला, अन मी – थांब. नाही, काही नाही. आलो. साडी त्या पिशवीत आहे, पाहून घे, हिरव्या काठाची, तिनंच फोटोत पसंत केली होती. तू बस, जाऊ नको. हा आलो.

ऐकू येऊन राहिलं ना? संडासले टिनाचं दार आहे, अंगणात सगळं ऐकू जाते, लाजायचे दिवस गेले आता. तिथंच बस, इकडे येऊ नको. काय म्हणत होतो – हं. मी खोटं बोललो मघाशी. मले जायचं आहे. मी येतो तुयासंगं. आत्ता. पुडी घेतो, पाणी पितो, एक जुना टॉवेल घेतो अन तुया गाडीवर मागं बसतो, थांबा लागलं तर थांबू, उशीर झाला तर माया नावावर टाकजो. दामिनीच्या मागं तूच उभा राहा, मी त्यावर भांडत नाही. मी मंडपाच्या बाहेर खुर्ची टाकतो, पाणी बी नाही मागत कोनाले, पंगतीकडं तर फिरकत बी नाही. तिनं मान वळवली का मी दिसलो पायजे, बस. एवढं तर होईन ना? आनंदाबाई काही म्हणत असन तर म्हणू दे, मी सांगतो तिले का मीच ऐकलं नाही. … अन एक खरं सांग मले. तू साडी न्यायले आला, हे दामिनीले माहीत आहे काय? का तिनंच म्हटलं? … योगेंद्र? तिनं म्हटलं असन तरी चालते, मले राग नाही, फक्त सांग. … कोणाची गाडी सुरू झाली ती? योगेंद्र, आलो मी, हात धुतो अन आलो, मिनिटभर –

मेघा. अवो मेघा. गेला काय तो? … पिशवी नेली? … नाही, बरोबरच आहे त्याचं, उशीर झाला असता. तू कायले रडून राहिली. फाटक लावून घे. अन कोणी विचारलं हेमराज कुठं आहे, तर सांग, भाचीच्या लगनाले गेला.