स्वयंपाकघरातले बूट

माझं माहेर सासवडचं, सासर कराडचं, आणि आता बारा वर्षं झाली, इथे फोरबर्गला. नवऱ्याच्या नोकरीमागून आले, व्हिसाच्या कागदावर डिपेंडंट, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून म्हणून, आणि खरं सांगू का, तो शब्द मला फार लागायचा, म्हणून मग पोळ्यांचे डबे सुरू केले, आधी दोन, मग दहा, मग विचारू नका, दिवसभर उभं राहून लाटायचं, आणि त्यातच माझी टाच गेली.

काय सांगू तुम्हाला, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा रुतल्यासारखं व्हायचं, भिंत धरून चालायचे. नवरा म्हणाला, बंद कर डबे, अडलंय का आपलं. अडलं नव्हतं हो, पण या देशात माझं एकटीचं म्हणून तेवढंच होतं. शेवटी हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पायांच्या बाईंकडे धाडलं. त्यांनी फोमच्या पेटीत पाय दाबून ठसा घेतला, म्हणाल्या, पायाची कमान खचलीय, सगळा ताण टाचेवर येतोय, आणि माझ्या मापाचे सोल करून दिले, बुटात घालायचे. ते घालून बाजारहाट करताना छान वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण घरी आले की टाच आपली होती तशीच. मनात म्हटलं, आता डबे बंद.

दोन महिन्यांनी दाखवायला गेले, तर सवयीने बूट त्यांच्या दाराबाहेर काढून आत. बाई म्हणाल्या, सोल कुठेत? म्हटलं, बुटात. बूट कुठेत? बाहेर. मग म्हणाल्या, आणि घरी? म्हटलं, घरीपण बाहेरच. मग दिवसभर काम कशावर उभं राहून करता? म्हटलं, फरशीवर, अनवाणी. बाईंनी हातातलं पेनच खाली ठेवलं, म्हणाल्या, घरातही बूट घालूनच उभं राहायचं.

आता माझा देव्हारा ओट्याशेजारी, तिथे बूट घालायचे कसे? नवरा म्हणतो, देव हॉलमध्ये ने. टीव्हीशेजारी देव ठेवू होय? भीत भीत कराडला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या म्हणाल्या, अगं, घरासाठी नवे बूट आण, उंबऱ्याबाहेर एकदाही नेऊ नकोस, दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो ना, तसं हळदकुंकू वाहा आणि घाल, तू उभी आहेस म्हणून देवांना नैवेद्य मिळतोय. मला रडूच आलं.

हळूहळू टाच निवली. पुढच्या वेळी बाईंनी सोल हातात घेतले, म्हणाल्या, हे लाल-पिवळे डाग कसले? म्हटलं, सासूबाईंचं प्रिस्क्रिप्शन.

आता परवाच पंचवीस पुरणपोळ्या एका दमात लाटल्या, त्यातलीच ही, तूप घ्या अजून. देव तुमचे पाय धड ठेवो. आणि सारखं माझ्या पायांकडे काय बघताय, तुम्ही बूट बाहेर काढलेत ते बरोबरच केलंत, मला तेवढी परवानगी आहे.