काट्याची परवानगी

नव्व्याण्णव सालचा गळीत हंगाम. श्रीगोंदा स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभी होती, साखर कारखान्यातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडून आलेली.

"योगेश, एका जागी उभा राहा की! मघापासून नुसत्या येरझाऱ्या."

"ताई, नेटवर्कवर वजनकाट्याला पहिला मान दिलाय मी. सगळ्यांच्या आधी त्याचं काम पुढे सरकणार."

"आणि चेअरमनसाहेबांच्या केबिनला?"

"शेवटचा. ते पंख्याखाली असतात, बैलगाड्या उन्हात."

"कळलं तर खातील तुला. वजनाची नोंद कुणाला करता येते?"

"फक्त काट्यावरच्या कॉम्प्युटरला. बाकी सगळ्यांना दार बंद."

"मग आता काय खुपतंय?"

"ते मशीन दुरुस्तीला गेलं होतं. माझा लॅपटॉप तिथं लावून सगळं तपासलं."

"चाललं ना?"

"झकास. मशीन परत आलं, लॅपटॉप काढला, निघालो. आता काटा सुरू झाला असेल."

"थांब. दर मशीनचा नंबर वेगळा; परवानगी कुठल्या नंबरला दिलीस?"

"तेव्हा जे लावलं होतं, त्याच्या..."

"योगेश!"

"ओ सायेब," कंडक्टर दारातून ओरडला, "चढायचं हाय का न्हाई? मागं लई मान्सं हायेत."

"ताई, तुम्ही व्हा पुढे. काटा माझ्या बॅगेत आहे."