बाकावरचा नियम

बाबा गेल्यावर त्यांची उरलेली औषधं परत करायला मी लॉस एंजेलिसच्या त्याच कॅन्सर क्लिनिकमध्ये गेले होते. औषधांच्या खिडकीसमोर रांग होती. माझ्या पाठीमागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं रिपोर्टची वाट पाहत बसलं होतं.

"अठ्ठ्याऐंशी साली सलग एकोणसाठ डाव, ओपल! आपल्या बेसबॉल संघाच्या पिचरनं, एकट्यानं चेंडू टाकत, एकही धाव दिली नाही."

"तेव्हापासून हेच ऐकतेय, डेल्मर."

"मग? मोडला का कुणी विक्रम?"

"नाही मोडला. आता माझं ऐक. आजचा माझा रिपोर्ट चांगला आला, तर माझीही सलग पाच वर्षं..."

"गप! बोलायचं नाही."

"का रे बाबा?"

"पिचरनं एकही फटका बसू दिलेला नसला, की संघाच्या बाकावरची पोरं त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बोललं की बिघडतं."

"ती त्याच्या शेजारी बसतही नाहीत. तू मात्र सकाळपासून मला चिकटलायस."

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

"अरे, खरंच उठलास?"

"नियम म्हणजे नियम. मी इथे उभा राहतो."

"रिपोर्टला अजून वेळ आहे. ये, बस."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं, तर तू जवळ नको का?"

बाक करकरला.

"सरक थोडी."

"सांग आता. एकोणसाठ डाव. पहिल्यापासून सांग."

खिडकीतून माझा नंबर पुकारला. मी रांगेतल्या मागच्या बाईंना पुढे जाऊ दिलं आणि तिथेच ऐकत थांबले.