काळे कण

विमलाबाई : आसावरी, तो फोन आधी खाली ठेव आणि इकडे माझ्याजवळ येऊन बस. भाऊंना ऐकू जायला नको. एक गोष्ट सांगते. पूर्ण ऐक, मग हवं तर भांड.

आसावरी : काकू, गोष्ट ऐकायची वेळ आहे का ही? हा रुमाल बघा. आत्ता मी स्वतः मशीन लावून बाबांच्या गळ्यातल्या नळीतून कफ ओढला. परत काळे कण. कालच्यापेक्षा जास्त.

विमलाबाई : आणि सुहासिनीला तर तू काल सकाळीच काढलंस.

आसावरी : काढणारच ना. बाबांना सांभाळायला ठेवलेली, आणि हे काय येतंय विचारलं तर मान खाली घालून उभी. तिनेच काहीतरी लावलेलं असणार, टिटवाळ्याहून कुणाचा अंगारा-बिंगारा आणून. तेच अजून निघतंय. डॉक्टर म्हणतात, जुनं रक्त असेल तर आत दुर्बीण घालून बघावं लागेल. मी आता तिच्या ब्युरोलाच सांगते, हिला कुठेच कामाला पाठवू नका.

विमलाबाई : तेवढ्यासाठीच बस म्हटलं. संशय मीही घेतलेला. रोज दुपारी चारच्या सुमाराला ती भाऊंच्या नळीपुढे ओला पातळ कपडा धरून ठेवायची. मला वाटलं, म्हाताऱ्याचा श्वास कोंडतेय ही. दरडावलंसुद्धा मी तिला.

आसावरी : आणि मला बोलला नाहीत.

विमलाबाई : अगं, पूर्वरंगातच निकाल नको मागूस. मला सांग, चारला घरी कोण येतं?

आसावरी : पोपटकाका. ते रोजच येतात. बाबांच्या कीर्तनाला आयुष्यभर पेटी वाजवली त्यांनी.

विमलाबाई : भाऊंच्या शेवटच्या कीर्तनाला तू नव्हतीस. इथेच, वर्तकनगरच्या देवळात. पूर्वरंग काय रंगला होता. मग रीतीप्रमाणे पोपटने हार घातला, कपाळाला बुक्का लावला. भाऊ उत्तररंगाला उभे राहिले आणि आवाजच फुटेना. तिथून हॉस्पिटल, आणि मग ही नळी. आता पोपट रोज पलंगाशी उभा राहतो, डबी उघडतो, बुक्का लावतो आणि म्हणतो, "बुवा, उत्तररंग राहिलाय." भाऊ हसतात. दिवसभरात तेवढंच हसतात.

आसावरी : हो, माहितेय. मग?

विमलाबाई : मग पोपटचे हात कधी बघितलेस? कसे थरथरतात ते? चिमूट कपाळापर्यंत जाईस्तोवर निम्मी खाली. आणि खाली तुझे बाबा, उशीला टेकलेले, गळ्यात ती उघडी नळी. मी नुसती सुहासिनीच्या हातांवर डोळा ठेवून होते. पोपटच्या हातांकडे बघायचं कुणाला सुचतंय?

(आसावरी रुमाल खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघते.)

आसावरी : तिला माहीत होतं?

विमलाबाई : होतं. काल जाताना जिन्यात रडली, तेव्हा बोलली. भाऊंनी तिच्यापुढे हात जोडलेले. आधी पोपटकडे बोट, मग ओठांवर बोट. पोपटला कळलं तर तो या घराची पायरी चढायचा नाही, हे भाऊंना ठाऊक. म्हणून तो कपडा. त्यात अडकेल तेवढं अडकायचं. काल मात्र कपडा धरायला कुणी नव्हतं.

आसावरी : तरी मला सांगायला हवं होतं तिने. बाबांच्या छातीत गेलं असतं तर?

विमलाबाई : हवं होतं. मीही तिला तेच म्हटलं. पण आवाज गेल्यावर भाऊंकडे बोलायला हातच उरलेत गं. तेच जोडले त्यांनी. माझीही रात्र त्यातच गेली, भाऊंचं गुपित उघडं करू की नको म्हणून. आत्ता तुझ्या हातात तो फोन बघितला आणि राहवलं नाही.

आसावरी : थांबा. तिलाच लावते… हॅलो, सुहासिनी? आसावरी बोलतेय… हो, विमलाकाकूंनी सांगितलं… अगं, चुकलं माझं. परत येशील का?… असं. बरं… नाही, नाही ठेवला… हो. बरं.

विमलाबाई : काय म्हणाली?

आसावरी : डोंबिवलीत एका आजींकडे लागली आजपासून. त्यांना शब्द दिलाय म्हणाली. मला वाटलेलं, चार शब्द सुनावेल. तिने एवढंच विचारलं, पोपटकाकांची वेळ झाली, कपडा भिजवून ठेवलाय ना?

विमलाबाई : मग भिजव की.

आसावरी : कपडा धरेनच. पण बुक्काही आज वाटीत घेते, दोन थेंब पाणी घालून गंधासारखा कालवते. ओला असला की कपाळालाच चिकटेल, खाली पडायचा नाही. काकांना म्हणेन, बाबांना गार बरं वाटतं.

विमलाबाई : छान. पोपटला तेवढंच कळू दे. वाजली बघ बेल, जा, दार उघड. आणि आसावरी, पुढे कधी कुठल्या देवळात कीर्तनाला बसलीस, मध्ये बुक्क्याची वाटी फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली, तर कपाळाला लावताना त्या टिटवाळ्याच्या पोरीची आठवण ठेव.