खरखरीच्या खालचं

जुन्या गाण्यांचा माझ्याएवढा दर्दी अख्ख्या संभाजीनगरात नाय. फक्त गाणं कोणतं चाललंय, ते नात सांगते.

शेजारच्या शेंद्र्यात कारखाने वाढले, पण दुष्काळात आमचा हापसा आटला अन् गल्ली टँकरच्या भरवशावर आली. मी त्या हापशाची करकर मोबाईलवर घेऊन जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, 'दुर्मिळ परदेशी वाद्य' म्हणून. लई वाहवा झाली!

तेवढ्यात ग्रुपमधल्याच, गुलमंडीच्या कापडवाल्या नसीमभाईंचा फोन. "चाचा, हा तर हापसा. अन् खाली पाणी आहे."

"कशावरून?"

"घासलेल्या रेकॉर्डी ऐकणारा कान खरखरीच्या खालचं ऐकतो. हापसत राहा."

गल्लीनं आळीपाळीनं हापसलं. धार लागली तशी माणसं चिडीचूप झाली. मी फोन लावून ओरडलो, "नसीमभाई, मानलं तुमच्या कानाला!"

"चाचा, जरा गप बसा. पाणी ऐकू द्या."