आधी शिसं, मग गिलावा

...अहो पण माणसानं सांगावं तरी किती वेळा? आधी शिसं, मग गिलावा! तुम्हाला सांगतो, आमच्या फ्लीटवूडला पाऊस वरून पडतच नाही, समुद्रावरून आडवा येतो आणि थेट घरात! त्यात आमची बे-विंडो, भिंतीबाहेर पोट काढून उभी. तिचं छप्पर भिंतीला टेकतं ना, तिथून पाणी टपटप टपटप... कुणाच्या डोक्यावर? आमच्या आईच्या! नव्वदी गाठलेली बाई, दिवसभर त्याच खिडकीत खुर्ची टाकून बसते. म्हटलं, मागच्या खोलीत बस. "मागं काय बघू? कुंपण?" झालं!

म्हणून शिशाचं काम करणारा क्लिफर्ड बोलावला. चहावर चहा ढोसला, वर बघितलं, दातांतून हवा ओढली. "च्च... कुणी केलंय हो हे?" अरे, माझ्या आज्याच्या वेळचं काम, मी काय सांगू! म्हणाला, भिंतीत खाच पाडतो, पाणी अडवायला शिशाची पट्टी आत खुपसतो, मग तिच्यावरून गिलावा. सोमवारी येतो. तेवढ्यात आईनं त्याच्या घटस्फोटाची अख्खी हकिकत काढून घेतली! मग गिलाव्याचा मॅल्कम आला. तोच चहा, तेच च्च! त्याला दारापर्यंत जाऊन बजावलं, बाबा रे, आधी शिसं, मग गिलावा!

शनिवारी मॅल्कम आला, म्हणे नुसतं सामान टाकून जातो. आईनं मला मासे आणायला पिटाळलं. आणले. "शिळे आहेत, बदलून आण." बदलले. "आता आल्याची बिस्किटं." आणि मी, एवढा साठीचा घोडा, जातोय आपला! परत येतो तर काय... भिंत गुळगुळीत! शिशाचा पत्ता नाही! मॅल्कम थापी धूत म्हणतो, "अहो नॉर्मन, तुमच्या आईच म्हणाल्या, नॉर्मनचा विचार बदललाय, शिसं नकोच!"

"आई!! आता हे सगळं फोडायचं, परत क्लिफर्डला बोलवायचं, परत ह्याला..."

"मग येऊ देत की! सोमवारी काम आटपून गेले असते, तर माझ्याशी बोललं कोण असतं?"

"मी नाही का घरात?"

"तू? महिनाभर तुझ्या तोंडी एकच... आधी शिसं, मग गिलावा!"

बिस्किटांचा पुडा तिच्या मांडीवर ठेवला. एवढ्यात तो आडवा पाऊस सुरू. टपटप टपटप... धावत जाऊन छत्री उघडली, तिच्या डोक्यावर धरली, तर माझा हात मांडीवरच्या पुड्याकडे सारून म्हणते काय,

"नॉर्मन, अरे ती माणसं यायचीत! आधी बिस्किटं, मग मी!"