मक्याला चुना

मी चोपड्याची, जळगावकडची, बापाची बसस्टँडसमोर पानाची टपरी होती, त्यामुळे चुना म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, कळत्या वयापासून चुन्याचे खडे भिजवून, निवळून, फडक्यातून गाळून डब्या भरत आलेय मी, बोटं पोळून घेतलीत. न्यूझीलंडला आले शिकायला, हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा केला, आणि त्या डिप्लोमानं काय दिलं, तर पापाकुरात लुपेबाईंच्या मेक्सिकन हॉटेलात भांडी. भांड्यांवरून तव्यावर आले ती माझ्या हाताच्या जोरावर.

काय सांगू तुम्हाला, लुपेबाईंना पहिल्यांदा मका चुन्याच्या पाण्यात शिजवताना पाहिलं ना, मला रडूच आलं, म्हटलं हा तर आमच्या टपरीचा वास. मका त्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळचोळून धुवायचा की सालं निघतात, मग दळायचा, तेव्हा कुठं पीठ धरतं आणि तॉर्तिया फुगते. तॉर्तिया म्हणजे मक्याची छोटी भाकरीच हो, पण चुन्याशिवाय करून बघा, कशा चिरा जातात. चुना कमी पडला तर सालं सुटत नाहीत, जास्त झाला तर तोंड भाजतं. तो अंदाज लुपेबाईंच्या पोटच्या मुलाला नाही, मला आहे, म्हणून गिऱ्हाइकांसमोरचा तवा सात वर्षं माझ्याकडे.

तर गेल्या गणपतीच्या आधी तासाभरावरच्या रोटोटुनाहून एक मराठी गृहस्थ आले, आयटीतले, बायकामुलं घेऊन. मराठी कानावर पडलं की मी आपली खूश. त्यांनी विचारलं, वहिनी, एवढी चव कशानं येते हो, आणि मी शहाणी अभिमानानं सांगते काय, तर आम्ही चुना लावतो. मक्याला म्हणायचं राहिलं! एवढीच माझी चूक, बाकी सगळी त्यांची.

घरी जाऊन त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, पापाकुराच्या मेक्सिकनमध्ये चुना लावतात, आपल्याच बाईनं कबूल केलंय. खाली हसणारी तोंडं. निम्म्यांना वाटलं आम्ही फसवतो, निम्म्यांना वाटलं भिंतीचा चुना पोटात घालतो. इथल्या मराठी मंडळानं आम्हाला दिलेली गणपतीच्या जेवणाची ऑर्डर रद्द केली, कुणीतरी कौन्सिलकडे तक्रारही केली. इन्स्पेक्टर आला, खाण्याच्या चुन्याचं पाकीट बघितलं, स्वीट ॲज, म्हणजे इकडचं एकदम झकास, म्हणाला आणि गेला. त्या गोऱ्या माणसाला कळलं, आमच्या शिकलेल्या माणसांना नाही! माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणते, मम, इट वॉज जस्ट अ जोक. जोक! माझा तवा चालला होता की त्या जोकपायी. लुपेबाईंचा मुलगा म्हणाला, मीना, उद्यापासून तू आत, गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही. म्हणजे सात वर्षांनी परत भांडी.

लुपेबाईंनी मला बसवलं, त्या शब्दाचा अर्थ काय विचारलं. मी दोन्ही अर्थ सांगितले, रडत, मोडक्या इंग्रजीत. बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की साल्साच्या वाट्या हलल्या. मुलाला स्पॅनिशमध्ये काय बोलल्या देव जाणे, तो कानापर्यंत लाल झाला. मला म्हणाल्या, माझ्या आजीचा चुना आहे हा, तू तव्यापाशीच उभं राहायचं, आणि हा घे खडू, तुझ्या लोकांना तुझ्या भाषेत सांग. दारातल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, आम्ही मक्याला चुना लावतो, माणसाला नाही.

परवा तेच गृहस्थ आले. फळा वाचला, खो खो हसले, फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढला, म्हणाले, वहिनी, तुम्ही तर एकदम फेमस झालात. मी त्यांना तव्यावरची गरम तॉर्तिया वाढली, पहिली फुगलेली त्यांच्या धाकटीला दिली, लेकरू पोटभर जेवो, अन्नाशी कसलं वैर. पण माफी काही त्यांनी मागितली नाही. हे मात्र लिहा तुम्ही, गाळू नका.